पाटीवरचे झेडचे शब्द

खरं तर ती त्या खुर्चीत बसणारच नव्हती. बस डेपोच्या दवाखान्यात डोळे तपासणाऱ्या बाई रजेवर गेल्या, आणि ‘दोनच दिवस गं’ म्हणत हिला तिथं धाडलं. दोन दिवसांचे पाच महिने झाले. तेवढ्यात आमच्या या शहाण्या मुलीनं जीव लावला, तोही कुणावर? हिच्याच शिक्क्यावर ज्याची नोकरी, अशा एका ड्रायव्हरवर!

पहिल्यांदा तो आला तेव्हा बाहेर पाऊस होता आणि त्याचा खांदा भिजलेला. एक डोळा झाकून तो समोरच्या भिंतीवरची पाटी वाचू लागला. पाटी हिनंच केली होती. ओळखीचा शब्द अर्धा दिसला तरी माणूस अंदाजानं ठोकून देतो, म्हणून शब्दकोश धुंडाळून तिनं छोटे, अनोळखी इंग्रजी शब्द काढले होते... आणि प्रत्येकात झेड.

शेवटच्या ओळीशी तो अडखळला. “मॅडम, हे शब्द आहेत की शिव्या?”

ती हसली. तिथंच चुकली बिचारी! हसत हसत तिनं सगळी ओळ अर्थासकट सांगून टाकली. झो म्हणजे याक आणि गाय यांचं संकरित जनावर. फेझ म्हणजे गोंड्याची टोपी. झॅक्स म्हणजे छपराचा दगड तासायचं हत्यार. हेझ म्हणजे धूसरपणा. आणि गेझ म्हणजे... टक लावून पाहणं.

“काठावर पास,” ती म्हणाली. “थेंब घालायचे आणि दर महिन्याला यायचं.”

“ही शिक्षा की बक्षीस?”

“थेंब नीट घातलेत तर सुटाल.”

“मग नाहीच घालत!”

बोलायला असा धीट, पण डोळ्याला डोळा भिडवेल तर शपथ. बघायचा तो तिच्या कानाकडे. घरी वहिनीनं चिडवून चिडवून भंडावलं, “काय गं, आला होता का तुझा कानाकडे बघणारा?” तिला मात्र त्याचं ते लाजणंच आवडलं होतं. दर महिन्याला तो पाटी घडाघडा वाचायचा, वर अर्थही सांगायचा. “फेझ घालून झोवर बसून येईन एक दिवस, तुम्हाला न्यायला...” मग दोघंही हसायची. थेंबांचा गुण आला, असं तिनं कागदावर लिहून टाकलं.

पाचव्या महिन्यात तिनं ठरवलं, आज बोलायचंच. नवं कानातलं घातलं. तो तिथंच बघतो ना! धूळ पुसायला काढलेली पाटी तिनं त्या नादात न बघताच भिंतीवर अडकवली.

त्यानं डोळा झाकला. “झो. फेझ. झॅक्स. हेझ...” जराही न चुकता. “गेझ.”

कौतुकानं तिनं मागं वळून पाहिलं. पाटी उलटी लागली होती. समोर नुसता कोरा पांढरा पुठ्ठा होता.

“काय दिसतंय?” तिनं हळूच विचारलं.

काय झालं ते ओळखून त्यानं डोळ्यावरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, “मधोमध डाग दिसतो. जिथं बघावं, तिथंच. कडेचं तेवढं दिसतं.”

“अरे, मागे चाळीस माणसं बसतात तुझ्या!” तिच्या तोंडून पहिल्यांदाच ‘अरे’ निघालं.

“बस सोडून मला दुसरं येतं काय? मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. वाढतच जाणार म्हणाले.”

“आणि माझ्या कानाकडे...”

“सरळ बघितलं की तू पुसली जातेस. कानाकडे बघितलं की दिसतेस.”

डोळ्यांचंच काम करणारी ही! हे तिला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. आणि ती ते लाजणं समजून पाच महिने मोहरत बसली होती.

“शिक्क्यासाठी येत होतास?”

“पहिले दोन महिने. नंतर... नाही.”

दोन शिक्के समोर होते. तिनं ‘अयोग्य’ उचलला. कागदावर तो इतक्या जोरात उमटला की टेबल हललं.

कागद घेऊन तो उठला. “जाऊ नकोस,” ती म्हणाली. “माझं प्रेम आहे रे तुझ्यावर.”

“माझंही आहे. म्हणून तर बहिणीच्या गावी चाललोय. पास होऊन तुझा हात मागायचा होता मला. हात धरून रस्ता ओलांडून दे, असं नव्हतं म्हणायचं.”

“मी देईन की ओलांडून!”

त्यानं नुसती नकाराची मान हलवली. दारात वळला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं... अगदी टक लावून.

“असं नको ना बघू,” तिला रडू आवरेना. “मी दिसणार नाही तुला.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “दिसलीस तर पाय निघणार नाही.”

आणि तो जिना उतरून गेला.