न्हाणीघर वाढतंय

रविवारी सकाळी दिग्विजय चौगुले सोफ्यावर बसला आणि त्याचे गुडघे टीव्हीला टेकले. गेला महिनाभर हॉल थोडा थोडा आखडत होता, आज हद्द झाली. न्हाणीघर मात्र इतकं ऐसपैस झालं होतं की आत पंगत बसली असती.

सांगलीतल्या चौगुलेंच्या नव्या फ्लॅटला सरकत्या भिंती होत्या. फरशीखालचे संवेदक माणसांचे श्वास ऐकायचे. जिथं श्वास संथ होईल तिथं माणसाला बरं वाटतंय, असं घर समजायचं आणि भिंती हळूच सरकवून ती जागा वाढवायचं.

भिंती बसवणाऱ्या कंपनीतून आलेल्या मुलीनं सगळं तपासलं. बिघाड नव्हता. न्हाणीघरात कुणीतरी रोज फार निवांत असतं, एवढंच ती म्हणाली. घराला सवयी विसरायला लावणारं ‘विसर’ बटण तिनं दाखवलं आणि जाताना न्हाणीघराचा फोटो काढून नेला.

निवांत कोण, यावर चौकशी बसली. दिग्विजयनं स्वतःला वगळलं. त्याची आई, आक्का, म्हणाली की तिची अंघोळ दोन तांब्यांत आटोपते. मग दोघांनी त्याच्या बायकोकडे, हेमलताकडे पाहिलं. ती पोहे परतत होती.

“पालथ्या बादलीवर बसते,” ती म्हणाली. “नळ सोडून. बाहेर वाटतं, अंघोळ चाललीय.”

“अगं, पण एवढं स्वयंपाकघर तुझंच आहे की,” दिग्विजय म्हणाला.

“मग ते का नाही वाढलं?”

खरं तर ते आखडलंच होतं. फ्रिजचं दार अर्धंच उघडायचं. तिच्याशिवाय कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

दिग्विजय हॉलमधल्या बटणापाशी गेला. संध्याकाळी टीव्हीवर मॅच होती. हेमलतानं गॅस बंद केला.

“दाबा. पण आधी सांगा, मी बसू कुठं?”

त्यानं घरभर नजर फिरवली. हॉलमध्ये तो स्वतः होता, बेडरूममध्ये त्याचं ऑफिस, बाल्कनीत त्याची सायकल. तेवढ्यात आक्कानं देवापुढचा पाट उचलला, सुनेचा दंड धरला आणि दोघी न्हाणीघरात गेल्या. कडी लागली. नळ सुटला.

“आक्का, तुझी अंघोळ झालीय ना?”

“गप बैस,” आतून आलं. “तुझ्या बापाच्या घरात नळाला पाणीच नसायचं, सोडून बसायला.”

बटणावर बोट ठेवून तो ऐकत राहिला. आत फक्त नळ वाहत होता. दोघींचे श्वास संथ झाले असावेत, कारण हॉलची भिंत सरकत येऊन त्याच्या पाठीला टेकली.

त्यानं बोट काढलं आणि दारावर टकटक केली.

“आत अजून एखादी बादली आहे का?”