पान उघडू नका

आयकलेली गोष्ट नाही हे, पोट्टेहो. ऋषिकेश माह्या साडभावाचा, म्हंजे बायकोच्या बहिणीचा पोरगा. धरमपेठेत राहते, वेबसाइटी बनवते.

दोन हजार पंचवीसचा डिसेंबर, दहा तारीख, बुधवार. संध्याकाळी सात वाजता त्याचे वडील मनोहरराव सांबार, म्हंजे कोथिंबीर, आणाले चौकात गेले. नऊ वाजले तरी घरी नाही. माणसाले विसरायची बिमारी, अंगात पातळ सदरा, अन् थंडी तर विचारूच नका. ऋषिकेश अन् त्याची बहीण पायल साऱ्या गल्ल्या पालथ्या घालून आले, पोलिसात सांगून आले. मंग त्यानं वेबसाइटवर एक पान बनवलं, वडलाचा दिवाळीतला फोटो टाकला अन् लिंक साऱ्या ग्रुपवर पाठवली. फोटो घरच्या कम्प्यूटरवर होता. कोणी पान उघडलं का कम्प्यूटर तो फोटो काढून त्याले पाठवे, दर वेळी नव्यानं.

साडेदहाले पायल म्हणे, हा फोटो कुठचा? दिवाळीत तर बाबा खाटेवर बसले होते. पानावर मनोहरराव पाठमोरे, अमरावती रोडनं चालून राहिले होते. ऋषिकेशनं पान पुन्हा उघडलं. मनोहरराव एक पाऊल पुढं. पुन्हा उघडलं. अजून एक. कम्प्यूटरातली फाइल पाहिली तर खाटेवरचीच.

तवा पोराले समजलं. जो पान उघडे, तो त्यायले एक पाऊल पुढं ढकले. अन् लोक तर चांगल्या मनानं उघडून राहिले होते गा. हजार... चार हजार... नऊ हजार. त्यानं ग्रुपवर लिहिलं, पाया पडतो, उघडू नका. ते वाचून लोकायनं अजूनच उघडलं.

वाडी नाक्याची पाटी मागं गेली. अंधार. मंग समोरून ट्रकचे दिवे. पुढच्या फोटोत दिवे मोठे. अजून मोठे...

"दादा, वायर ओढ."

ओढली. अकरा बावीस. पायलच्या मोबाइलवर फोटो वरतून खाली उतरून राहिला होता. डोकं आलं... खांदे... छातीपर्यंत आला अन् थांबला, खाली नुसता राखाडी रंग.

दोघं स्कूटरवर सुटले. नाक्याच्या पुढं, रस्त्याच्या मधात मनोहरराव उभे. एक पाय उचललेला. ट्रक दोन हातावर थांबलेला, ड्रायवर खाली उतरून रस्त्यावर बसला होता. ऋषिकेशनं बापाले कवळ्यात धरलं अन् लहान लेकरावानी रडला. अंग थंडगार. पण जित्ते होते.

आजही हायेत. परवा मी भेटून आलो. चांगले बोलले, चहा पेले. निघताना म्हटलं, एक फोटो काढू द्या. पायल म्हणे, राहू द्या मावसाजी. मी काढलाच.

नवा मोबाइल हाये माहा.

छातीपर्यंत मनोहरराव... त्याच्या खाली राखाडी.