जानरावांची शिशी

किन्हीराजाचे जानराव गेले ते सकाळची सुई घेतल्यावर. अंगाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि न्याहारीचं ताट पुढे यायच्या आत मान कलंडली. साखरेच्या रोगावरची ही विलायती सुई १९३८ साली तिकडच्या खेड्यांत नवीनच होती. धाकटा भाऊ जगदेव याने वाशीमच्या कोर्टात डॉक्टर निजामुद्दीन यांच्यावर दावा लावला. त्याचं म्हणणं, औषध उन्हानं नासलेलं होतं. डॉक्टर म्हणत, औषध चोख होतं; सुईनंतर जेवायला उशीर झाला.

जगदेवचे वकील होते मदनसिंग. अंगारे-धुपारे न मानणारा, वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय न बोलणारा माणूस. सगळी मदार अर्ध्या उरलेल्या शिशीवर होती. तोंडाला लाख लावून, मोहोर मारून ती कोर्टाच्या तिजोरीत ठेवली होती. तपासायला नागपूरला पाठवायची की नाही, यावरच तारखा पडत होत्या.

एका तारखेला शिशी टेबलावर आली तेव्हा मदनसिंगांना औषध कमी वाटलं. पुढच्या तारखेला शंकाच उरली नाही. लाख जशीच्या तशी होती. त्यांनी शिशी रुमालावर उलटी धरली. रुमाल कोरडा राहिला.

डॉक्टर निजामुद्दीन एकटक तिकडेच पाहत होते. "रोजच्या सुईच्या मापानंच कमी होतंय," ते हलकेच म्हणाले.

मग जानरावांची बायको कस्तुराबाई साक्षीला उभी राहिली.

"सुई कोण टोचायचं?" मदनसिंगांनी विचारलं.

"मीच. डाक्तरसायबानं शिकवलं होतं."

"शेवटची कधी टोचली?"

"आज सकाळी."

कोर्टात खसखस पिकली. ती हसली नाही.

"बाई, शिशी तर इथे आहे."

"शिशी असंन इथं. सुई माह्यापाशी हाये. सकाळी भरलेलीच सापडते मले."

दुःखानं भ्रम झालाय, म्हणून मुन्सफांनी साक्ष थांबवली. नागपूरला पाठवायचा हुकूम निघाला तोवर शिशीत थेंब उरला नव्हता. पुराव्याअभावी दावा फेटाळला गेला.

थोड्याच दिवसांनी कस्तुराबाई मदनसिंगांच्या ओसरीवर येऊन बसली.

"वकीलसाहेब, औषध सरलं. दुसरी शिशी मांगवून द्या."

"कोणासाठी?"

"तहान लई लागून राह्यली त्यायले. रांजण पुरत नाई."

या रोगात माणसाला कशी तहान लागते, ते मदनसिंग खटल्यापायी शिकले होते. तिला समजावून परत पाठवणं सोपं होतं. त्यांनी छकडा जुंपायला सांगितलं.

त्या साली पाऊस चांगला झाला होता. वाटेतले नाले अजून वाहत होते. जानरावांच्या विहिरीपाशी जगदेव उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"मले नका विचारू, साहेब. तुमीच पाहा."

मदनसिंग काठावरून वाकले. भर दुपारचं ऊन थेट आत पडलं होतं. वारा नव्हता, पाण्यावर तरंग नव्हता.

पाणी खाली जात होतं. थांबून थांबून, घोटाघोटानं.