वल्लरीच्या कानात

"ताई, नाव आम्ही ठरवलंय," मुग्धा म्हणाली, आणि विभावरीनं हातातला चहाचा मग ओट्यावर ठेवला.

फोनच्या पडद्यावर मेलबर्नमधली ती खोली होती, मुग्धाच्या कुशीत गुंडाळलेलं गुलाबी गाठोडं होतं, आणि चौकटीच्या कडेला कुणाचं तरी कोपर होतं. ते कोपर विभावरीनं लगेच ओळखलं. लहानपणी सायकलवरून पडून फुटलं होतं, तेव्हा फुंकर घालत हळद कुणी लावली होती? पण कोपरामागचा माणूस काही पडद्यावर येत नव्हता. तीन वर्षं तो असाच कडेकडेनं वावरत होता...

"वल्लरी," मुग्धा म्हणाली. "आवडलं?"

"सुरेख आहे गं," विभावरी म्हणाली. आत मात्र काहीतरी तुटलं. भाचीचं नाव ठेवायचा मान आत्याचा! सख्खा भाऊ, पहिली मुलगी, आणि आत्याला आयतं नाव कळवताहेत. तिला विचारायची पद्धतसुद्धा उरली नाही का?

"पण एक मोठ्ठं काम तुमच्यासाठी ठेवलंय हं, ताई. टीम! इथे मूल झालं की लोक जात विचारत नाहीत, गोत्र विचारत नाहीत, पण फुटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, टीम विचारतात. नर्सनेसुद्धा विचारलं! बाबा म्हणतात कॉलिंगवूड. मी लहानपणापासून ते काळं-पांढरं बघून heaps कंटाळलेय. मग मी म्हटलं, आत्या ठरवेल. बारसं तुमच्याकडे पोरिरुआलाच करू. कानात नाव सांगाल ना, तेव्हा टीमपण सांगायची."

नाव काढून घेतलं आणि हातात चेंडू दिला! 'माझ्यानं नाही व्हायचं ते' हे शब्द विभावरीच्या अगदी ओठावर आले होते. इतक्यात ते कोपर किंचित हललं, जणू उत्तराची वाट पाहत होतं, आणि ती म्हणाली, "बरं."

आई-बाबा एकापाठोपाठ गेले तेव्हा धाकटा क्षितिज शाळेत होता. विभावरीनं त्याला पुण्याहून इकडे आणलं, वेलिंग्टनजवळच्या या पोरिरुआतल्या औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून त्याला वाढवलं, शिकवलं. तो कॉलेजात गेला त्याच वर्षी मेलबर्नच्या इंद्रनीलनं तिला मागणी घातली. चांगला होता इंद्रनील. हसरा होता, आणि तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. पण पोराला एकट्याला इथे टाकून कशी जाणार? तिनं नाही म्हटलं आणि ही गोष्ट मनाच्या तळाशी ठेवून वर भाजी-पोळीचा संसार मांडला. क्षितिजला तिनं चकार शब्द सांगितला नाही. पुढे तोच नोकरीसाठी मेलबर्नला गेला, आणि तिथल्या गणपतीत त्याला भेटला इंद्रनील, बायकोमुलांसह. सगळं बाहेर आलं. त्या दिवशी क्षितिजनं फोन केला आणि तो कृतज्ञतेनं रडला नाही. तो ओरडला! "मला विचारलं होतंस? तुझं हे ओझं मला नको, ताई!"

ओझं... जिनं जन्माची ओंजळ रिकामी केली तिच्या पदरात हा शब्द! त्यानंतर दोघांत उरले ते वाढदिवसाचे निरोप आणि दिवाळीचे फोटो.

तर अशी विभावरी त्या हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी पांघरूण आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन टीव्हीसमोर बसू लागली. बाहेर कुक सामुद्रधुनीवरून वारा खिडक्यांना धडका द्यायचा, माना बेट ढगात विरघळून जायचं, आणि आत एक हिरवंगार लंबगोल मैदान उजळून निघायचं. त्या खेळातलं तिला सुरुवातीला ओ की ठो कळेना. मग तिनं आपल्याला येणारी एकमेव पद्धत काढली. ती संघांकडे स्थळं बघावीत तशी बघू लागली. घराणं कुठलं, गाव कुठलं, माणसं कशी, हरल्यावर वागतात कशी?

कावळ्यांचा संघ पहिल्याच दिवशी बाद झाला. श्राद्धाचं पान सोडून कावळ्याची वाट कुणी पाहायची! एका संघाचं नाव चक्क सैतान. बारशाच्या दिवशी तान्ह्या लेकराच्या कानात सैतान सांगायचा? राजहंसांवर तिचा जीव जडत होता, प्रत्यक्ष सरस्वतीचं वाहन, पण ते पडले सिडनीचे, आणि मुलगी इतक्या लांब द्यायची तिची तयारी नव्हती. तपकिरी-पिवळ्यांचे कपडे तिला पसंत पडले नाहीत.

असं करता करता तिचा डोळा लागायचा, आणि मग खेळ तिच्या स्वप्नात शिरायचा. एखादा उंच मुलगा धावत यायचा, दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून दहीहंडीतल्या गोविंदासारखा वर चढायचा, चेंडूला हात लावायचा... आणि खाली यायचाच नाही. तिथेच, आभाळात, हात पसरून राहायचा. खाली आई उभी असायची, तरुण, ओल्या केसांची, आणि म्हणायची, "विभा, तू पण चढ ना गं." खेळ संपल्याचा भोंगा वाजला की विभावरी जागी व्हायची. गाल ओले असायचे, आणि का ते तिला सांगता यायचं नाही.

मग एके दिवशी तिला सेंट किल्डा दिसले. मेलबर्नचेच, लाल, काळे, पांढरे. हे लोक समुद्र ओलांडून तीन वर्षं वेलिंग्टनलाही खेळायला आले होते आणि तिन्ही वेळा हरून परत गेले होते. त्यांनी विजेतेपद मिळवलं होतं आयुष्यात एकदाच, विभावरीच्या जन्माच्याही कितीतरी आधी, आणि तेही एका गुणानं. तिनं शोधून शोधून वाचलं. तो एक गुणसुद्धा कसा मिळाला? या खेळात मधल्या खांबांमधून चेंडू गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूनं गेला तरी एक. सामना बरोबरीत होता, शेवटचा चेंडू चुकला, बाजूनं गेला, आणि त्या चुकलेल्या चेंडूवर ते जिंकले!

विभावरी पांघरूण फेकून उठून बसली. चुकलेल्याच्याही हातावर काहीतरी ठेवणारा खेळ! आणि चुकूनच जिंकलेली ही माणसं, साठ वर्षं पुन्हा त्या दिवसाची वाट पाहणारी, तरीही दर शनिवारी तेच कपडे घालून मैदान भरणारी... तिचं काळीज त्या संघावर असं जडलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्या रविवारी मुग्धाचा फोन आला तेव्हा ती नमस्कार-चमत्कार विसरून म्हणाली, "मुग्धा, मला हा संघ आवडलाय. मला सेंट किल्डाच हवाय!"

चौकटीच्या कडेला ते कोपर सरकलं, खांदा आला, आणि तीन वर्षांनी क्षितिजचा पूर्ण चेहरा पडद्यावर आला. दाढी वाढली होती, आणि कानशिलांवर पांढरे केस. तो हसत होता!

"ताई, they lose heaps, माहितीये ना तुला?"

"हरू देत की!"

"काल शेवटचा क्वार्टर पाहिलास?"

"पाहिला म्हणजे काय? उभी होते मी!"

त्यानंतर दर रविवारी तोच फोन करू लागला. बोलणं फक्त खेळाचं असायचं. इंद्रनीलचं नाव नाही, ओझ्याचा उल्लेख नाही. पण फोन ठेवल्यावर विभावरी कितीतरी वेळ खिडकीत उभी राहायची, आणि खाडीवरचा करडा उजेडसुद्धा तिला केशर कालवल्यासारखा वाटायचा.

ऑगस्टमध्ये, इकडच्या ऐन हिवाळ्यात, सगळे आले. मुग्धा, क्षितिज, वल्लरी आणि मुग्धाचे वडील हरीशकाका. बारशाच्या सकाळी पाळण्याला फुलं बांधून झाली, शेगडीवर तेल तापत होतं, आणि विभावरी पुऱ्यांची कणीक मळत असताना काका स्वयंपाकघरात आले. खिशातून त्यांनी एक इवलीशी लोकरीची टोपी काढली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची.

"मुग्धाच्या आईनं, सुनीतानं विणली होती," ते म्हणाले. "गेली त्याच्या आदल्या महिन्यात. मुग्धाला तेव्हा काही नव्हतंसुद्धा. म्हणाली, होईल कधीतरी, तेव्हा माझे हात नसतील." त्यांनी टोपी तळहातावर सारखी केली. "आम्ही नवीन होतो ना मेलबर्नमध्ये, कुणी ओळखीचं नव्हतं. पहिल्यांदा शेजारी बसवून घेतलं ते कॉलिंगवूडवाल्यांनी. असो. मान तुमचा आहे, विभावरी. मी काही म्हणत नाही हं."

काही म्हणत नाही म्हणणाऱ्या माणसापुढे विभावरीचा कधीच टिकाव लागला नव्हता. छातीत एक कळ उठली, आणि त्या कळेच्या मागोमाग तो ओळखीचा, दुखरा, गोड आनंद आला. दुसऱ्यासाठी सोडून देण्याचा आनंद. त्याची तिला सवय होती, अगदी व्यसन म्हणावं इतकी. तिनं डोळे पुसले आणि मनातल्या मनात सेंट किल्डाचा निरोप घेतला.

ती पाळण्यावर वाकली. बायकांनी पाठीत धपाटे घातले. शेजारीण मेरे हिला ही पद्धत भलतीच आवडली आणि तिनं सगळ्यांत जोरात घातले. विभावरीनं त्या चिमुकल्या कानात "वल्लरी" म्हटलं, मग पुढचं म्हटलं.

"काय सांगितलं? कुठली टीम?" सगळ्या ओरडल्या.

"कॉलिंगवूड," विभावरी हसून म्हणाली.

हरीशकाकांनी ओंजळीत चेहरा झाकला. खोलीत टाळ्या झाल्या. आणि क्षितिज सरकतं दार उघडून बाहेर डेकवर गेला.

ती त्याच्यामागे गेली. दक्षिणेचा वारा हाडं गोठवत होता. "थंडी आहे रे. आत चल."

"पुन्हा?" तो वळला. त्याचे डोळे भरले होते. "पुन्हा तेच, ताई?"

"अरे, त्यांची बायको... ती टोपी..."

"मला माहितीये टोपी! दर वेळी काहीतरी असतंच ना? तेव्हा मी होतो, आज टोपी आहे!" त्याचा आवाज चिरकला. "आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकलं होतं मी, मला हे हवंय म्हणून. त्या रविवारी फोन ठेवल्यावर मी रडलो, विचार मुग्धाला!"

"मी तुझ्यासाठी जन्म घालवला, आणि तू त्याला ओझं म्हणालास, क्षितिज..."

"म्हणालो. चुकलो. तसं बोलायला नको होतं, ताई, मला रोज टोचतं ते." त्यानं बाहीनं नाक पुसलं, अगदी शाळेतल्यासारखं. "पण एकदा विचारलं असतंस तर मी हॉस्टेलला राहिलो असतो. तुझ्या लग्नात नाचलो असतो! एवढी एक बहीण मला, तिच्या लग्नात मिरवायचं होतं मला. तू फक्त तुझंच नाही सोडलंस गं... माझ्या वाटणीचंही सोडलंस. आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीस!"

विभावरी कठड्याला धरून उभी राहिली. इतकी वर्षं ती स्वतःला देणारी समजत आली होती. ज्याला दिलं त्याच्या हातून काय निसटलं, हे तिनं कधी वळून पाहिलंच नव्हतं. अरे देवा... पोर रागावलं होतं ते तिच्या त्यागावर नव्हे, त्यातून आपल्याला वगळण्यावर!

आणि मग पन्नाशीकडे झुकलेली ती बाई लहान मुलीसारखी रडू लागली. "मला सेंट किल्डाच हवा होता रे..."

"मग आत जाऊन सांग."

"काका दुखावतील."

"दुखावतील," क्षितिज म्हणाला. "तरी सांग. मी आहे ना."

आत काकांनी वल्लरीला टोपी घातली होती आणि ते पाळण्याची दोरी हलवत होते. इंद्रनीलला नाही म्हणतानाही विभावरीला इतकं अवघड गेलं नव्हतं. नाही म्हणणं तिला येत होतं. हवंय म्हणणं येत नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "मी मनाविरुद्ध सांगितलं. तुमची टोपी बघून राहवलं नाही मला. पण मला... मला वल्लरीसाठी सेंट किल्डा हवाय."

दोरी थांबली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं, आणि ते पाहताना विभावरीला सगळं परत घ्यावंसं वाटलं. पण क्षितिज मागे उभा होता. तिनं परत घेतलं नाही.

"दुखलं," काका म्हणाले. "खोटं कशाला बोलू?" त्यांनी नातीच्या कानावर आलेली टोपी नीट केली. "पण सुनीतासुद्धा अशीच होती. मनात एक, तोंडात एक. गेल्यावर वाटतं, तिला काय हवं होतं ते मला कधी कळलंच नाही. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." मग ते कसनुसं हसले. "टोपी राहू दे. थंडी फार आहे तुमच्याकडे. टीम तुमची. आता वाका पुन्हा, तिला चुकीचं सांगितलंय तुम्ही!"

ती वाकली, आणि या वेळी कानात सांगताना तिचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू गेला. वल्लरीनं जांभई दिली आणि ती झोपी गेली.

दुपारी पंगत बसली. पुऱ्या तळायला क्षितिज उभा राहिला होता. सगळ्यांना वाढून झाल्यावर तो विभावरीच्या पानापाशी आला आणि वाकून म्हणाला, "ताई, तुला काय देऊ?"

काहीही चालेल, हे उत्तर जन्मभर तिच्या जिभेवर तयार असायचं. आज तिनं त्याची बाही धरली.

"सोमवारी जाऊ नका रे," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस राहा. मला तुम्ही हवे आहात."

क्षितिजनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"राहतो," तो म्हणाला.