काळा चर

भैरवतळे नगरपरिषदेच्या भूजल प्रयोगशाळेत एका अख्ख्या भिंतीवर जमीन होती. म्हणजे जमिनीचे चित्र. शहराखालची माती, मुरूम, खडक आणि त्यांतून पाझरणारे पाणी, सगळे तिथे छतापासून फरशीपर्यंत हलताना दिसे. या यंत्रणेला ‘मृदाछाया’ म्हणत. शहरभर जमिनीत पेरलेल्या वीस हजार संवेदक-कण्या दर तासाला आपापल्या जागेची खबर देत आणि मृदाछाया त्या खबरा जोडून चित्र रंगवी. विषारी क्रोमियमला तिने पिवळा रंग दिला होता. २०६१ सालच्या त्या सोमवारी शहराच्या वरची सगळी उतरण पिवळीधमक दिसत होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. कौमुदी दाभाडे मात्र खुशीत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यांचा ‘प्राणफवारा’ चालणार होता. हे यंत्र प्राणवायूने भारलेले द्रावण जमिनीत खोलवर सोडे आणि मातीतली कुजकी घाण जागच्या जागी जाळून टाकी. कौमुदीबाईंनी त्यावर आयुष्याची अकरा वर्षे घातली होती. आता त्याची मोठी परीक्षा होती ती उतरणीच्या मधोमध, कुंडीमाळावर.

कुंडीमाळावर दीडशे वर्षे जमिनीतल्या कुंड्यांत कातडी कमावण्याचे काम चालले होते. सहा वर्षांपूर्वी नगरपरिषदेने स्वच्छतेच्या नावाखाली ते बंद पाडले. तरी तिथली माती काळीकुट्ट ती काळीकुट्टच राहिली. गेल्या वर्षी शहराच्या विहिरींत क्रोमियमचा माग लागला, तेव्हा खापर कोणावर फोडायचे याचा शहराला फारसा विचार करावा लागला नाही. चामडे म्हटले की क्रोमियम आले, असे कौमुदीबाईंनीही अहवालात लिहून टाकले. माळावरची त्रेसष्ट घरे उठवायची, जमीन धुऊन काढायची, असे ठरले. ट्रक सकाळीच येणार होते. कौमुदीबाईंची सही तेवढी बाकी होती.

इतक्यात त्यांचे सहकारी डॉ. इलाही मुजावर चहाचा कप हातात तसाच धरून आत आले.

“मॅडम, चाळीस कण्यांचं तोंड आपण बांधून ठेवलंय.”

“कुठल्या चाळीस?”

“ज्या क्रोमियम शून्य सांगतात त्या. शेजारी विष आणि मधेच शून्य, म्हणजे कणी बिघडली. मृदाछाया तिला वगळते आणि ती जागा शेजारच्या आकड्यांवरून भरून काढते.”

“नियम बरोबरच आहे. मीच लिहिलाय.”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो,” मुजावर म्हणाले आणि त्यांनी नियम काढून टाकला.

भिंतीवरच्या पिवळ्या रंगात चाळीस ठिपके निळे झाले. कुंडीमाळाच्या खालच्या कडेने, माळ आणि शहर यांच्या बरोबर मधून, ते चारशे मीटर एका सरळ रेषेत उभे होते. रेषेच्या वर पिवळे होते. खाली, पूर्वेचे टोक सोडले, तर सगळे स्वच्छ होते.

“बिघाड असा रांग धरत नाही, मॅडम. आणि हे बघा.” मुजावरांनी पाण्याच्या वाहण्याचा हिशेब उलटा लावून चित्र वर्षानुवर्षे मागे नेले. पिवळा रंग वर सरकत गेला, माळ ओलांडून टेकडीवर चढला आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या एका खड्ड्यात जाऊन बसला. तिथे कधीकाळी धातूंना क्रोमियमचा मुलामा देणारा कारखाना होता. तो बंद पडला तेव्हा त्याचा गाळ तिथेच पुरून वर माती लोटली होती.

कौमुदीबाईंनी निळ्या रेषेवर बोट ठेवले. मग म्हणाल्या, “त्या रेषेत काय आहे?”

“ते यंत्राला ठाऊक नाही. कुणाला तरी विचारावं लागेल.”

कुंडीमाळावर गोदाक्का कटके आपल्या दारात भांडी पोत्यात भरत बसल्या होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, पण हात भराभर चालत होते. कौमुदीबाई आणि मुजावर त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

“सामान भरून झालं न्हाई अजून,” वर न बघता त्या म्हणाल्या. “उद्याचा वायदा हाय न्हवं?”

“आक्का, घर रिकामं करायला नाही आले मी. या खालच्या अंगाला जमिनीत सरळ असं काय आहे?”

“चर हाय की. माझ्या आज्याच्या वक्ताला गावानंच खणला. आमचं घाण पाणी गावाकडं उतरू ने म्हणून. दर अवसेला कुंड्या उपसायच्या, पाणी आन् सालीचा चोथा समदा चरात वतायचा. नदीत एक थेंब जाऊ दिला न्हाई आमी कवा.”

“पाणी कसलं? क्रोमचं?”

गोदाक्कांचे हात थांबले. त्यांना राग आला होता. “क्रोम? ती कारखानेवाल्यांची थेरं. आमी बाभळीची साल आन् हिरडा घालून कातडं मुरवतो. आता कुंड्या कोरड्या पाडल्या तुमी, तरी माझ्या वहाणांपुरतं एक मडकं ठेवलंय मी अजून.”

कौमुदीबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. तीन महिने त्या या माळाचे नमुने तपासत होत्या, पण इथल्या माणसाला हा एक प्रश्न विचारायला त्यांना सुचले नव्हते.

तेवढ्यात उद्याची तयारी बघायला नगराध्यक्ष विश्वंभर शेटे गाडीतून उतरले. त्यांच्या हातात सहीचा कागद होता.

“मी सही करणार नाही,” कौमुदीबाई म्हणाल्या.

“डॉक्टर, फवारा तुमचा, अहवाल तुमचा, आणि नकारही तुमचाच?”

“हो. आणि चूकही माझीच. आक्का, ते मडकं बघू.”

मुजावरांनी बरोबर आणलेले टेकडीवरच्या बोअरचे पाणी पेल्यात ओतले. ते लिंबाच्या सरबतासारखे पिवळे होते. “साहेब, क्रोमियम हा धातू आहे. तो जळत नाही, कुजत नाही, संपत नाही. फक्त रूप बदलतो. हे त्याचं विषारी रूप. इलेक्ट्रॉनांसाठी भुकेलं, पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर पळतं. त्याची भूक भागली की तो हिरवा होतो, मातीला चिकटतो आणि तिथून हलत नाही. सालीतला तुरटपणा त्याला नेमके तेच इलेक्ट्रॉन देतो.”

त्यांनी मडक्यातले तपकिरी पाणी पेल्यात ओतले. पिवळा रंग गढूळला, हळूहळू हिरवट झाला आणि काही वेळाने बुडाशी गाळ बसू लागला. शेटे वाकून बघत राहिले.

“चाळीस वर्षं टेकडीवरून शहराकडे येणारं विष या चरात असं थांबलंय,” कौमुदीबाई म्हणाल्या. “चौदा टन. हे लोक नसते तर आपल्या विहिरी केव्हाच गेल्या असत्या.”

“आणि तुमचा फवारा?”

“तो बरोबर उलटं करतो. आधी साल जाळेल, मग बसलेल्या धातूला पुन्हा उठवेल. आठवड्याभरात चौदा टन विष शहराच्या नळाला.”

शेट्यांनी खिशातून फोन काढला. राजकारणी माणूस, पण गणित कळणारा. त्यांनी तिथूनच फोन लावून ट्रक रद्द केले, आणि माळावरच्या घराघरांतून माणसे बाहेर येऊ लागली.

“पण मग विहिरींत क्रोमियम आलं कुठून?” शेट्यांनी विचारले.

“पूर्वेच्या टोकातून,” मुजावर म्हणाले. “तिथली साल खर्ची पडलीय, आता रोज जास्त विष गळतंय. सहा वर्षं चराला कुणी काही घातलेलं नाही. तुम्ही कुंड्या बंद केल्यात तेव्हापासून.”

शेट्यांनी कपाळ पुसले. मग सावकाश गोदाक्कांकडे वळले. “आक्का, कुंड्या पुन्हा चालू कराल का? चरात पाणी सोडायला?”

“घाण पाणी पायजे व्हय गावाला?” गोदाक्का म्हणाल्या, आणि माळभर हशा पिकला. स्वतः त्या मात्र हसल्या नाहीत. “सोडतो की. पर आधी ही त्रेसष्ट घरं ज्येच्या त्येच्या नावावर करा. कागदावर. आत्ता.”

सहीसाठी आणलेल्या कागदाच्या पाठीमागेच शेट्यांनी ते लिहून दिले. खाली साक्षीदार म्हणून दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या. कौमुदीबाईंना आपल्या अकरा वर्षांचे वाईट वाटायला हवे होते, पण त्या क्षणी त्यांना आनंदच झाला, आणि तो त्यांनी लपवला नाही. त्यांनी गोदाक्कांना मिठीच मारली.

“चाळीस दिस लागत्यात साल मुरायला,” गोदाक्का मिठीतूनच म्हणाल्या.

“चाळीस दिवस?” शेटे दचकले. “शहराच्या विहिरी आज बंद कराव्या लागतील. तोवर गाव पिणार काय?”

मुजावर आपल्या हातातल्या पडद्यावर काही तरी मांडत होते. “तुरटपणा जिथे सगळ्यात दाट तिथे क्रोमियम सगळ्यात कमी. म्हणजे चरापेक्षाही, कुंड्यांच्या अगदी मधे. तिथे आपली एकही कणी नाही, म्हणून भिंतीवर तेही पिवळं दिसतं. तिथे एखादी विहीर असली तर...”

“हाय की. आमी कुठलं पितो मग?” गोदाक्का म्हणाल्या.

पाणी तपासले. अख्ख्या भैरवतळ्यात इतके निर्मळ पाणी दुसरे नव्हते.

मंगळवारी दुपारी बाराला चरावर फळ्या टाकल्या होत्या आणि शहर हंडे-कळशा घेऊन माळ चढत होते. रांग बाजारपेठेपर्यंत गेली होती. दीडशे वर्षांत शहरातले कोणी पाण्यासाठी इकडे फिरकले नव्हते. शेटे रांगेत पहिले होते. गोदाक्कांनी विहिरीचे पाणी शेंदून तांब्या भरला, तसे शेटे थोडे वाकले आणि त्यांनी नकळत ओंजळ पुढे केली.

“हात खाली घ्या, सायेब,” गोदाक्का म्हणाल्या. “आमच्यात वरनं वतत न्हाईत. हा घ्या तांब्या.”

शेट्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.