धुळीआडचे यजमान

चंद्रावरच्या वेधशाळेतून आईने दोन फोटो पाठवले. आकाशाचा तुकडा तोच. एकात आहे-नाहीसा अंधुक ठिपका. दुसऱ्यात तोच ठिपका सगळ्यांहून झगझगीत. सोबत निरोप होता : "चार्वी, ओळख बरं! कॅमेऱ्याचा दोष असेल तर मी दिवाळीला घरी. क्वेसार असेल तर यजमानांच्या शोधात वर्षभर इथेच मुक्काम."

"यजमान तर इथे कणीक मळतायत!" बाबा म्हणाले.

चार्वीला हसू आलं नाही. आईच्या उशीला आता आईचा वास येत नव्हता, नुसता साबणाचा येत होता. देवा, दोषच असू दे.

पोळी घ्यायला तिने हात पुढे केला, तसा घरचा यंत्रमानव गंपू ओरडला, "ताई, हात मागे! तवा धगधगतोय."

"काळा तर आहे!"

"तुझ्या डोळ्यांना. मला अवरक्त किरण (माणसाला न दिसणारे, उष्णतेचे किरण) दिसतात. तवा दिव्यासारखा लख्ख दिसतोय."

चार्वी थबकली. "म्हणजे दुसरा फोटो तुझ्यासारख्या डोळ्याने काढलाय? आणि पहिला आपल्यासारख्या? मग त्यात ठिपका अंधुक का?"

"मध्ये धूळ आहे ना. दीर्घिकेच्या (ताऱ्यांच्या अफाट वस्तीच्या) पोटात प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू तापून साऱ्या ताऱ्यांहून प्रखर उजळतो. तो क्वेसार. भोवतीची धूळ तो उजेड गिळते आणि स्वतः तापते, या तव्यासारखी. ती धग अवरक्तात दिसते."

"आणि यजमान कोण?"

"क्वेसार ज्या दीर्घिकेत राहतो ती यजमान दीर्घिका. एरवी पाहुण्याच्या झगमगाटात यजमान दिसतच नाहीत. धुळीने अंतरपाट धरला, तरच दिसतात."

म्हणजे पहिल्या फोटोतला तो बिचारा ठिपकाच यजमान! दोन्ही फोटो खरे. आई दिवाळीला येणार नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला. "काय गं, दोष असेल ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही आई. क्वेसार आहे. आणि धुळीमुळे यजमानही दिसतायत."

"मला कालच कळलं होतं," आईचा आवाज बारीक झाला. "तुला सांगायचा धीर होईना, म्हणून कोडं घातलं."

"लबाड!" चार्वीने नाक पुसलं. "आता अर्धवट टाकून येऊ नकोस. नीट बघ सगळं. पण मी मोठी होईपर्यंत थोडे क्वेसार उरवशील ना माझ्यासाठी?"

शब्द चंद्रावर जाऊन उत्तर यायला अडीच-तीन सेकंद लागतात. या खेपेस जरा जास्तच लागले.

"डबाभर ठेवते," आई म्हणाली.