मोटारखान्यातली चकती

डेट्रॉइटबाहेर, तळ्याकाठी क्रॅनवेलची हवेली आहे; आता तिचं संग्रहालय झालंय. रोज दुपारी चारला तिला कुलपं घालायचं काम व्हर्लीनकडे होतं, आणि त्या हवेलीबद्दल तिला काडीचाही आदर नव्हता. मोटारी विकून गब्बर झालेल्या या माणसाने इंग्लंडातल्या कुणाच्या तरी जुन्या घराचा जिना उपटून आणला, छपराचे दगड आणले, ते बसवायला गवंडीही तिकडचेच. भिंतीवरचे पूर्वजसुद्धा लिलावात घेतलेले. खानदान विकत मिळत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नसावं.

सगळ्यांत जास्त तिडीक यायची मोटारखान्याची. साहेबांना गाडी मागे घ्यायचे कष्ट नकोत, म्हणून जमिनीत भलीमोठी लोखंडी चकती. गाडी तिच्यावर उभी केली की चकती फिरून गाडीचं तोंड दाराकडे. पण चकती फिरवणाऱ्या विजेच्या मोटरची घरघर बाईसाहेबांना सोसत नसे, म्हणून खालच्या खड्ड्यात हँडल धरून माणूस उभा! हजारो इंजिनं विकणाऱ्याच्या घरी माणसालाच जुंपलेलं. आता चकती गंजून कधीचीच घट्ट बसली होती.

त्या दिवशी बर्फ भुरभुरत होतं. व्हर्लीनचा तो शेवटचा दिवस. नवरा हर्शेल सामान भरून बाहेर गाडीत बसला होता. दोघं कायमची अलाबामाला, लेकीकडे निघाली होती.

मोटारखान्याचं दार ओढताना तिला खालून लोखंड कण्हल्यासारखं ऐकू आलं. जळक्या तेलाचा वास सुटला होता. उंदीर असतील, असं पुटपुटत ती टॉर्च घेऊन शिडीने खड्ड्यात उतरली. कुणी नव्हतं. हँडल मात्र सावकाश फिरत होतं.

"आलीस का... बदलीला?"

या नोकरीआधी व्हर्लीनची उभी हयात मोटारींच्या कारखान्यात, बदली कामगार म्हणून गेली होती. तिथला गाड्या जोडायचा सरकता पट्टा थांबत नाही. लघवीला जायचं असलं तरी बदलीवाल्याने 'मी धरलं' म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. असा थकलेला आवाज तिने हजारदा ऐकला होता. भीती वाटायच्या आत हात हँडलवर गेला.

"जा बाबा. मी धरलं."

तिच्या अंगाला घासून कुणीतरी गेलं. शिडीच्या पायऱ्या एकेक करत वाजल्या. मग तिने हात काढायला पाहिलं. बोटं निघेनात.

वर गाडीची घरघर आली. तिला शोधत हर्शेलने गाडी थेट आत घातली होती. चकती हलली, आणि हँडलाबरोबर व्हर्लीनचे खांदे ओढले गेले.

"अगं, ही तर फिरतेय!" वरून तो हसला. "क्रॅनवेलने आपलं खटारं मिरवायला काढलं बघ."

खालून हुंदका ऐकू येताच त्याचं हसणं थांबलं.

"तू जा," ती म्हणाली. "लेकीकडे जा... मी मागून येते. खाली मात्र उतरू नकोस."

पण हर्शेलही त्याच पट्ट्यावर म्हातारा झालेला. सोबत्याला एकटं टाकून जाणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याचे बूट शिडीवर वाजले.

"हर्शेल... काही बोलू नकोस. माझं ऐक..."

अंधारात त्याचा ऊबदार तळवा तिच्या खांद्यावर आला.

"दमलीस गं. सरक, मी ध—"

त्याचा शब्द पुरा होण्याआधीच तिची बोटं सुटली होती.